कांहीं तरी चुकलें

'कांहीं तरी' हा आपल्या मराठींतला मोठा सोयीचा शब्द आहे. दुपारीं चारच्या सुमारास पाहुणे आले म्हणजे यजमान स्वयंपाकघराकडे वळून 'कांहीं तरी कर ग' म्हणतात, आणि त्या शब्दाच्या पोटांत पोह्यांपासून शिऱ्यापर्यंत सर्व पदार्थ सुखानें मावतात. 'सध्यां काय चाललें आहे?' या प्रश्नाला 'चाललें आहे कांहीं तरी' याच्याइतकें निरुपद्रवी उत्तर नाहीं. कचेरींतल्या कारकुनानें आपले कागद चाळून 'यांत कांहीं तरी राहिलें आहे, उद्यां या' असें म्हटलें म्हणजे मात्र याच शब्दाचा आपल्याला संताप येतो. काय राहिलें आहे तें सांगायला याचें काय जातें, असें आपण जिना उतरतांना मनाशीं म्हणतों. मीही पुष्कळदां म्हटलें आहे. पण एकदां सबंध संध्याकाळभर त्या कारकुनाच्या खुर्चींत मीच बसलों होतों, आणि तें मला दुसऱ्या दिवशीं सकाळीं कळलें.

मी प्रोग्राम लिहिण्याचा धंदा करितों. धंदा म्हणजे मी, माझा पुतण्या, आणि पुण्यांतल्या आमच्या राहत्या घराची माडीवरची एक खोली. २०१८ सालीं एका शिक्षणसंस्थेनें गरजू विद्यार्थ्यांना फीसाठीं मदत देण्याकरितां अर्ज मागविले होते. अर्ज मोबाइलवरूनच भरावयाचा होता, आणि त्यासाठीं लागणारें पान आम्हीं तयार करून दिलें होतें. नांवगांव लिहावें, गुणपत्रिकेचें छायाचित्र जोडावें, आणि 'पाठवा' या बटणावर बोट ठेवावें. इतकें तें सोपें होतें. निदान मला तसें वाटत होतें. शेवटची तारीख होती ३१ जुलै, रात्रीं बारापर्यंत.

१ ऑगस्टला सकाळीं चहा घेत असतां फोन आला. पलीकडे एक मुलगी होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यांतली.

"सर, माझा अर्ज गेला नाहीं."

"अहो, पण तुम्ही शेवटच्या दिवसापर्यंत थांबलांत कशाला?" मीं विचारलें. खुर्चीचा गुण जिभेवर किती लवकर उतरतो पाहा.

"मामाचा मोबाइल कालच मिळाला, सर. सात वाजल्यापासून मी तेवीस वेळां पाठविला. दर वेळीं 'कांहीं तरी चुकलें. पुन्हां प्रयत्न करा' असें येत होतें. तुम्ही पुन्हां करा म्हणालांत, म्हणून मी पुन्हां करीत होतें."

तिच्या आवाजांत तक्रार नव्हती. असती तर मला बरें वाटलें असतें. मीं तिच्याकडून तें छायाचित्र मागवून घेतलें. तें ४.१ एम. बी. भरलें. आमच्या पानाची मर्यादा २ एम. बी. होती. म्हणजे त्या मुलीनें तेवीस वेळांऐवजीं तेवीसशें वेळां बोट ठेवलें असतें, तरी तो अर्ज गेला नसता. तिला छायाचित्र लहान करायला सांगावयाचें होतें. आम्हीं सांगितलें, पुन्हां प्रयत्न करा. आणि आम्हीं सांगितलेलें तिनें अक्षरशः केलें.

प्रत्येक प्रोग्रामची एक रोजनिशी असते. तिला लॉग म्हणतात. ती उघडून पाहिली, तों आदल्या संध्याकाळीं सात ते बारा या वेळांत १४० ओळी पडल्या होत्या. प्रत्येक ओळींत वेळ लिहिलेली आणि तिच्यापुढें एकच शब्द: 'एरर'. त्यांतल्या २३ ओळी त्या मुलीच्या. उरलेल्या ११७ कोणाच्या? कोणाची रेंज गेली होती, कोणाचें छायाचित्र मोठें होतें, कोणाची जन्मतारीख उलटी पडली होती. सगळ्यांना मीं एकच नांव दिलें होतें आणि सगळ्यांना एकच औषध सांगितलें होतें. हिनें निदान फोन तरी केला.

संस्थेच्या चिटणिसांना मीं झालें तें सांगितलें. त्यांनीं सर्वांसाठींच मुदत दोन दिवस वाढविली. या मुलीचा अर्ज आला, आणि पुढें मदतीच्या यादींत तिचें नांवही माझ्या दृष्टीस पडलें. आणखी आठ अर्ज आले. ११७ ओळींच्या मागें एकंदर किती मुलें होतीं, हें मात्र मला अद्यापि ठाऊक नाहीं.

हें पान ज्या भाषेंत लिहिलेलें होतें तिचें नांव जावास्क्रिप्ट. १९९५ सालच्या मे महिन्यांत अमेरिकेंतील नेटस्केप कंपनींत ब्रेंडन आइक या गृहस्थानें ती दहा दिवसांत उभी केली. दहा दिवसांत आपल्याकडे लग्नाचें कार्यालयही ठरत नाहीं. तेव्हां तिच्यांत कांहीं उणेंअधिक राहिलें असल्यास तिला फार बोल लावूं नये. चूक झेलण्याची सोय तिच्यांत प्रथम नव्हती. १९९९ च्या डिसेंबरांतील तिसऱ्या प्रमाण-आवृत्तींत ती आली. ही सोय मोठी सुटसुटीत आहे. काम जेथें अडेल तेथें प्रोग्रामनें 'थ्रो' म्हणून चुकीची एक वस्तु वर फेंकावयाची, आणि वरच्या बाजूला कोणी तरी 'कॅच' म्हणून ती झेलावयाची. या वस्तूचा मूळ पुरुष 'एरर'. त्याच्या पोटीं त्या आवृत्तीनें सहा मुलेंही दिलीं: कोणी व्याकरण चुकल्याचें सांगतो, कोणी न जाहीर केलेलें नांव वापरल्याचें, कोणी भलत्याच जातीची वस्तु हातीं आल्याचें. त्यांत एक 'रेंजएरर' आहे. हें नांव ऐकून आपल्याकडील माणसाला मोबाइलची रेंज गेली असें वाटेल. पण बिचाऱ्याचा तिच्याशीं कांहीं संबंध नाहीं. एखादा आंकडा मर्यादेबाहेर गेला, इतकेंच तो सांगतो.

हीं सहा मुलें भाषेच्या घरचीं. भाषेचे स्वतःचे नियम मोडले तर तें त्यांना कळतें. मामाचा मोबाइल, गुणपत्रिका, ३१ जुलै, या गोष्टी भाषेला कोठून कळणार? त्या आपल्या संसारांतल्या, आणि त्यांच्यासंबंधींच्या चुकांना नांवें आपणच ठेवावयाचीं असतात. तशी मुभा भाषेनें दिलेली आहे. मीं ती आळसानें घेतली नव्हती. जें जें अडेल तेथें मूळ पुरुषालाच वर फेंकून मी मोकळा होत असें. त्यांत जावास्क्रिप्टमध्यें झेलणाराही एकच. जावा नांवाच्या दुसऱ्या भाषेंत अमुक जातीची चूक तूं झेल, तमुक जातीची तूं, अशी वांटणी करितां येते; येथें येईल तें सगळें एकाच पदरांत पडतें, आणि पदरांत काय पडलें तें पदर धरणाऱ्यानेंच ओळखावयाचें असतें.

त्या दिवशीं आम्हीं घाईनें जी दुरुस्ती केली ती सांगायला लाज वाटते. प्रत्येक चुकीबरोबर एक संदेश जातो. झेलणाऱ्यानें त्या संदेशांतले शब्द वाचावे, त्यांत 'फाईल फार मोठी' हे शब्द आढळले तर छायाचित्र लहान करा असें म्हणावें, अशी व्यवस्था आम्हीं लावून दिली. ती चालली. पंधरा दिवसांनीं मी तो सारा मजकूर सहज चाळीत होतों. मला शुद्धलेखनाचा थोडा नाद आहे. 'फाईल' मधली दीर्घ ई माझ्या डोळ्यांत खुपली, आणि मीं ती ऱ्हस्व करून टाकली. झेलणारा आपला 'फाईल' शोधीतच बसला. सुदैवानें मुदत केव्हांच संपली होती, आणि ही गोष्ट चाचणींत माझ्या पुतण्याच्या लक्षांत आली.

"काका," तो म्हणाला, "तुमच्या शुद्धलेखनानें सगळें पुन्हां 'कांहीं तरी' होऊन बसलें."

थोरामोठ्यांचेंही असेंच झालें आहे, एवढें समाधान मला नंतर मिळालें. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालविणारें नोड म्हणून जें प्रसिद्ध साधन आहे, त्याच्या कर्त्यांना आपल्याच संदेशांतला एखादा शब्द सुधारण्याची चोरी झाली होती. कारण तो शब्द पाहून कोणाचा तरी प्रोग्राम चालत असावयाचा. २०१७ सालच्या आठव्या आवृत्तीपासून त्यांनीं आपल्या चुकांना कायमचीं सांकेतिक नांवें देण्यास आरंभ केला. संदेश माणसानें वाचण्यासाठीं असतो, तो सुधारावा, बदलावा, मराठींत आणावा. ओळख पटण्यासाठीं नांव निराळें पाहिजे. एखाद्याला त्याच्या अंगांतल्या सदऱ्यावरून ओळखूं लागलों, तर त्यानें सदरा बदलतांच आपण त्याला परका समजणार. मीं हेंच केलें होतें, आणि सदराही मीच बदलला होता.

मग आम्हीं रीतसर क्लास करायला बसलों. क्लास म्हणजे एका जातीच्या वस्तूंचा सांचा. 'क्लास', मग आपण ठेवलेलें नांव, मग 'एक्स्टेंड्स', मग 'एरर', अशी पहिली ओळ असते. मराठी माणसाच्या नांवांत मधें बापाचें नांव येतें, तशी ही गोष्ट आहे: फाइलटूलार्जएरर, वडील एरर. या एका ओळीनें आपली चूक त्या घराण्याची होते, आणि तिला घराण्याचें सर्व कांहीं वारशानें मिळतें. संदेश मिळतो, ती कोणत्या वाटेनें वर आली याचा मागही मिळतो. कोणी नुसता शब्द किंवा नुसता आंकडाही वर फेंकूं शकतो, भाषा त्याला अडवीत नाहीं. पण मग हा माग नाहींसा होतो.

आंत गेल्यावर पहिलें काम 'सुपर' या शब्दानें वडिलांना बोलावण्याचें. तोंपर्यंत त्या वस्तूला 'मी' असें म्हणतांच येत नाहीं; म्हटलें तर भाषा स्वतःच एक चूक वर फेंकते. पुण्यांत लग्नकार्याची पहिली अक्षत कसबा गणपतीला देतात व मग बाकीचीं आमंत्रणें निघतात, त्याची मला येथें दर वेळीं आठवण होते. दुसरें काम नांव लिहिण्याचें. हें पुष्कळांच्या हातून राहतें. क्लासला नांव दिलें आहे म्हणजे झालें, असें वाटतें. परंतु त्या वस्तूला 'तुझें नांव काय?' असें विचारलें तर ती वडिलांचेंच नांव सांगते. रोजनिशींत पुन्हां 'एरर'च उमटतें. म्हणून नांवाची निराळी ओळ लागते. तिसरें काम माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचें: त्या चुकीला जें ठाऊक आहे तें तिच्याजवळ बांधून देणें. फाइल किती मोठी होती आणि मर्यादा किती होती, हे दोन आंकडे तिच्या पदरीं बांधले, म्हणजे वर झेलणाऱ्याला 'तुमचें छायाचित्र ४.१ एम. बी. आहे, २ एम. बी. पर्यंतचें चालेल' असें सांगतां येतें. हें सारें मिळून सात-आठ ओळींचें काम आहे. सात-आठ ओळी मीं लिहिल्या नव्हत्या.

माझ्या आळसाची बाजू मांडावयाची तर एवढेंच म्हणतां येईल कीं, माझी उमेदवारी झाली त्या काळीं हें इतकें सोपें नव्हतें. 'क्लास' हा शब्द भाषेंत २०१५ सालीं आला. त्यापूर्वीं वारसा हातानें जोडावा लागे, आणि वडिलांना हांक मारली तर ते मुलाच्या हातावर कांहीं न ठेवतां एक नवीच वस्तु निर्माण करून देत. मुलगा आपला रिकामाच. संदेश पुन्हां स्वतः लिहून घ्यावा लागे. इतका खटाटोप नको म्हणून मी जो तेव्हां टाळूं लागलों, तो नंतर कारण उरलें नसतांही टाळीतच राहिलों. एकदां लागलेली संवय तिचें कारण गेल्यावरही घरांतच मुक्काम ठोकून असते.

आणि त्या जुन्या काळानें मला सुखासुखीं सोडलेंही नाहीं. नवे क्लास लिहून आम्हीं चालविले, तों एकही ओळखला जाईना. एखादी वस्तु अमुक घराण्याची आहे काय, हें 'इन्स्टन्सऑफ' या शब्दानें विचारतात. समोर धडधडीत फाइलटूलार्जएरर उभा असतां 'हा फाइलटूलार्जएरर आहे काय?' याला उत्तर येई, नाहीं. दोन दिवस आम्ही दोघे त्यावर डोकें फोडीत होतों. अखेर उमगलें कीं, जुन्या मोबाइलांवर चालावें म्हणून आमचा प्रोग्राम एका साधनानें जुन्या बोलींत उतरविला जात होता, आणि त्या बोलींत आल्याबरोबर वडिलांची ती जुनी खोड परत आली होती. मुलाच्या जागीं नुसती मूळ एररच हातीं येत होती. वंशावळीचें टोक हातानें पुन्हां बांधून दिलें, तेव्हां ओळख पटूं लागली. मामाचा मोबाइल जुनाच असणार, म्हणून ती जुनी बोली सोडून चालण्यासारखें नव्हतें.

नांवें ठेवण्याचा उत्साह मात्र मला बाधला. जावास्क्रिप्टमध्यें देवनागरी नांवेंही चालतात, हें मला ठाऊक होतें. एका रात्रीं हौसेनें मीं एका क्लासला 'आकारदोष' असें नांव देऊन पाहिलें. यंत्रानें तें मुकाट्यानें मान्य केलें; पुतण्यानें केलें नाहीं. उद्यां हें काम दुसऱ्या कोणाच्या हातीं गेलें तर त्यानें काय करावें, हा त्याचा प्रश्न खरा होता. मीं इंग्रजी नांवांवर परत आलों, पण संख्येंत त्याचें उट्टें काढलें. आठवड्याअखेर माझे एकतीस क्लास झाले. आडनांव लिहिलें नाहीं त्याचा एक, गांव लिहिलें नाहीं त्याचा एक, जन्मतारीख पुढल्या सालची पडली त्याचा एक. पुतण्यानें यादी पाहिली आणि विचारलें, "काका, आडनांव राहिलें काय आणि गांव राहिलें काय, झेलणारा त्यांत निराळें काय करणार आहे?"

निराळें कांहींच नाहीं. राहिलेली जागा दाखवावयाची. आयुर्वेदांत ज्वराचे आठ प्रकार सांगितले आहेत. ताप तर हजारों माणसांना हजार तऱ्हांनीं येतो. पण वैद्याला हवा असतो तो भेद उपचार बदलणारा. जेथें वर झेलणाऱ्याची वागणूक बदलते तेथेंच नवा क्लास हवा. बाकीचें त्या वस्तूच्या पदरीं बांधून देतां येतें. एकतीसांचे पांच राहिले. वर एक आमच्या अर्जाच्या चुकांचा, आणि त्याच्या पोटीं चार: माहिती अपुरी किंवा चुकीची, फाइल मोठी, संपर्क तुटला, मुदत संपली. 'पुन्हां प्रयत्न करा' हें वाक्य आतां एकट्या संपर्क तुटणाऱ्याच्या वांट्याला आलें. आणि झेलणाऱ्याला शेवटीं एक ओळ लिहून दिली: जी चूक या घराण्याची नाहीं ती आपण गिळूं नये, जशी आली तशी पुन्हां वर फेंकावी. माझ्या जुन्या झेलणाऱ्याला ही एक ओळ ठाऊक नव्हती. तो सर्व कांहीं गिळीत असे आणि वर हंसतमुखानें 'कांहीं तरी' म्हणत असे.

अलीकडे या भाषेनें आणखी एक चांगली सोय केली आहे. २०२२ च्या आवृत्तीपासून एखादी चूक आपल्या मागची मूळ चूक 'कॉज' म्हणून बरोबर बाळगूं शकते. फाइल मोठी आहे असें आम्ही कां म्हणालों, सर्व्हरनें काय म्हणून ती परत केली, तें सगळें एकाखालीं एक वाचायला मिळतें. त्या वेळीं आम्ही हें हातानेंच करीत असूं.

पुढल्या वर्षींच्या ३१ जुलैला संध्याकाळीं सात वाजतां मी माडीवर जाऊन बसलों. पुतण्या म्हणाला, "काका, रोजनिशी काय, ती उद्यां वाचली तरी चालेल." मीं ऐकलें नाहीं. ओळी पडूं लागल्या. पण आतां प्रत्येकीला नांव होतें. संपर्क तुटला, संपर्क तुटला, माहिती अपुरी, जागा जन्मतारीख. साडेआठाच्या सुमारास खालून "अहो, जेवायला वाढलें आहे" अशी हांक आली. मीं आलोंच म्हणून सांगितलें आणि गेलों नाहीं. नऊ वाजून चाळीस मिनिटांनीं ओळ आली: फाइल मोठी, ३.६, मर्यादा २. मी घड्याळाकडे पाहत राहिलों. नऊ चव्वेचाळीसला त्याच अर्जाची नोंद आली: दाखल झाला. मग मी खालीं गेलों. आमटी निवली होती.

जेवून वर आलों तेव्हां अकरा वाजत आले होते. त्या तासाभरांत पडलेल्या ओळी मी वाचूं लागलों. सगळ्यांना नांवें होतीं. शेवटची तेवढी नुसतीच 'एरर' होती. मीं खुर्ची पुढें ओढली.